डॉट ए फाइल आतून कशी असते, आणि लिंकरला समोरचं फंक्शन का दिसत नाही

प्रश्न आमच्या मामेबहिणीच्या मुलीचा. इथेच इंदुरात रामबागेत राहते, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट विजेच्या मीटरमधून रीडिंग वाचायचा आहे. परवा रात्री साडेअकराला मेसेज आला: "मामा, लायब्ररीत फंक्शन आहे, एनएम लावून बघितलं, डोळ्यांना दिसतंय, तरी लिंकर म्हणतो अनडिफाइन्ड रेफरन्स. तोच कोड, तीच मेकफाइल मैत्रिणीच्या मॅकवर मुकाट लिंक होते. ही डॉट ए फाइल म्हणजे झिपच असते ना? मग त्याला त्यातलं सापडत कसं नाही?" डॉट ए म्हणजे कंपाइल केलेल्या फाइलींची (त्यांना ऑब्जेक्ट फाइली म्हणतात) लायब्ररी, लिंकर म्हणजे असे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा, आणि एनएम म्हणजे फाइलमधली नावं दाखवणारी कमांड. मोबाइलवर टाइप करायला घेतलं आणि लांबतच गेलं, म्हणून मग लॅपटॉपवर बसून नीट लिहिलं.

आधी तुझं अडलेलं काम मोकळं करतो. तू पाठवलेल्या कमांडमध्ये लायब्ररी आधी आहे आणि मेन.ओ, म्हणजे तुझ्या मुख्य प्रोग्रामची ऑब्जेक्ट फाइल, तिच्या नंतर. ते उलट कर, मेन.ओ आधी, लायब्ररी शेवटी. नव्वद टक्के तेवढ्यावर सुटेल. आता हे असं का, ते कळायला फाइल उघडून बघावी लागेल, आणि ती उघडणं अजिबात अवघड नाही, मी तर म्हणतो कॉलेजात पहिल्याच वर्षी दाखवायला पाहिजे.

तर पहिली गोष्ट, झिप नाही. झिप फाइली दाबून-चेपून भरते, ही काहीच दाबत नाही. पेशवे दप्तरातल्या रुमालांबद्दल ऐकलंयस ना, मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले असतात, त्यांना रुमालच म्हणतात. अर्काइव्ह, म्हणजे ही डॉट ए फाइल, तसाच एक रुमाल आहे. कागद एकामागे एक, प्रत्येक कागदाच्या आधी एक चिठ्ठी, आणि सगळ्यात वर, असली तर, एक यादी. बांधणाऱ्याला आतल्या कागदात काय लिहिलंय त्याच्याशी काही देणंघेणं नाही, पत्र असो की जमाखर्च असो. एआर हा प्रोग्राम तसाच, तू त्याला ऑब्जेक्ट फाइल दे नाहीतर वाण्याची यादी दे, तो बांधून देणार.

म्हणून वाण्याच्या यादीनेच सुरुवात करू. टर्मिनलवर दोन टेक्स्ट फाइली कर, एकीत इंग्रजी अक्षरांत जलेबी लिही, दुसरीत पोहे, नावंही तीच दे, पुढे टीएक्सटी. जलेबीची इंग्रजीत सहा अक्षरं होतात, इको शेवटी एक न्यूलाइन लावतो, म्हणजे ७ बाइट. पोहे चार अधिक एक, ५ बाइट. आता एआर ला आर आणि सी ही दोन अक्षरं देऊन दोन्ही फाइली एका अर्काइव्हमध्ये टाक आणि त्याची साइझ बघ. १४२ बाइट येईल. माल १२ बाइटचा आणि बारदान १३० बाइटचं! हे १३० कुठून आले ते कळलं की निम्मा फॉरमॅट कळला.

फाइलचे पहिले ८ बाइट ठरलेले असतात. उद्गारचिन्ह, लेस-दॅन, मग इंग्रजीत आर्च ही चार अक्षरं, ग्रेटर-दॅन, आणि न्यूलाइन. ही रुमालावरची खूण, ती बघूनच फाइल कमांड, लिंकर, सगळे ओळखतात की हे अर्काइव्ह आहे. त्यानंतर लगेच पहिल्या मेंबरचं, म्हणजे आतल्या पहिल्या फाइलचं, हेडर, तीच ती चिठ्ठी, बरोबर ६० बाइटची. मग मेंबरचा मजकूर, मग पुढच्याचं हेडर, मग त्याचा मजकूर, असं शेवटपर्यंत. बाकी काही नाही, शेवट झाला हे सांगणारी खूणसुद्धा नाही, फाइल संपली की अर्काइव्ह संपलं.

६० बाइटची वाटणी अशी: १६ नावाला, १२ वेळेला, ६ मालकाच्या नंबराला, ६ ग्रुपच्या नंबराला, ८ परवानग्यांना, १० साइझला, आणि शेवटचे २ ठरलेल्या खुणेचे, एक बॅकटिक, म्हणजे कीबोर्डवर एस्केपच्या खालचं ते तिरकं टिंब, आणि एक न्यूलाइन. हेक्समध्ये ६० आणि ०ए. गंमत अशी की हे सगळे आकडे बायनरीत नसून साध्या वाचता येणाऱ्या आकड्यांत लिहिलेले असतात, डावीकडून, आणि उरलेली जागा स्पेसने भरलेली. साइझ ७ असेल तर ७ हा आकडा आणि मग ९ स्पेस. परवानग्या तेवढ्या ऑक्टलमध्ये, बाकी सगळं दशमानात. तुझं १४२ बाइटचं अर्काइव्ह कॅट करून बघ, पूर्ण वाचता येईल, टर्मिनल खराब होणार नाही. मेंबर सगळे टेक्स्ट असतील तर अर्काइव्हही टेक्स्टच राहतं, हे मुद्दाम तसं केलेलं आहे.

कारण आधी तसं नव्हतं. एआर फार म्हातारा आहे, युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या १९७१ च्या मॅन्युअलमध्ये तो आहे. पीडीपी-११ या कॉम्प्युटरवरच्या त्या जुन्या अर्काइव्हची हेडरं बायनरी होती, सातव्या आवृत्तीत सुरुवातीला ऑक्टलमध्ये ०१७७५४५ असा एक मॅजिक नंबर आणि नावाला १४ बाइट. एका मशीनवर हे छान चालतं. दुसऱ्या मशीनवर इंटीजरची लांबी वेगळी, बाइटचा क्रम वेगळा, की मग सगळं कोलमडतं. म्हणून पुढे आकडे अक्षरांत लिहायला लागले, आणि ते हेडर आजपर्यंत तसंच चालू आहे.

आता हिशेब कर. ८ खुणेचे, ६० जलेबीच्या हेडरचे, ७ जलेबी. झाले ७५. पुढचं हेडर ७५ वर सुरू व्हायला पाहिजे पण ते होतं ७६ वर, कारण नियम असा की प्रत्येक हेडर सम ऑफसेटवरच, म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेल्या सम जागेवरच, सुरू झालं पाहिजे, विषम आलं तर मधे एक न्यूलाइन घालायची. ही भरतीची न्यूलाइन साइझमध्ये मोजत नाहीत, हेडरमध्ये ७ च लिहिलेलं राहतं. मग ७६ अधिक ६०, अधिक ५, अधिक परत एक भरती, १४२. जमलं. हा फॉरमॅट वाचणारा प्रोग्राम पहिल्यांदा लिहिणारे निम्मे लोक इथेच आपटतात, आणि ते लक्षातही येत नाही कारण लिनक्सवरच्या, एल्फ फॉरमॅटच्या ऑब्जेक्ट फाइली जवळजवळ नेहमी समच असतात, त्यामुळे टेस्ट पास होते आणि कोणीतरी एक विषम साइझची फाइल टाकली की दुसऱ्या मेंबरपासून सगळा कचरा वाचला जातो. म्हणून तुला मुद्दाम ७ आणि ५ बाइटच्या फाइली करायला लावल्या.

कॅट केल्यावर तुला आणखी एक दिसेल. वेळ, मालक, ग्रुप तिन्ही ठिकाणी शून्य, आणि परवानगी ६४४. फाइल तर तू आत्ता बनवलीस, मग वेळ शून्य कशी? उबुंटू-डेबियनवरचा एआर मुद्दामच तसं करतो, म्हणजे तोच कोड तू आज बांध की पुढच्या महिन्यात, निघणारी फाइल बाइट टू बाइट सारखी. खरी वेळ पाहिजे असेल तर मोठं यू द्यायचं. मेकफाइलमध्ये कंसात मेंबरचं नाव लिहून अर्काइव्हच्या आतल्या फाइलची तारीख तपासायची एक जुनी पद्धत आहे, ती या शून्यामुळे बोंबलते, प्रत्येक वेळी सगळं परत बांधत बसते. तू ती वापरू नकोस, एवढंच.

आता नावाचं लफडं. १६ बाइट दिलेत, आणि लिनक्सवरचा एआर नाव कुठे संपलं हे कळायला शेवटी एक स्लॅश लावतो, म्हणजे हातात उरले १५. तुझ्या प्रोजेक्टमध्ये व्होल्टेज_कॅलिब्रेशन.ओ आहे, इंग्रजीत मोजलं तर २१ अक्षरं. ते बसत नाही. मग एआर काय करतो, अर्काइव्हच्या सुरुवातीच्या भागात एक खास मेंबर घालतो ज्याचं नाव नुसतं दोन स्लॅश, आणि सगळी लांब नावं त्यात एकाखाली एक लिहितो, प्रत्येकाच्या शेवटी स्लॅश आणि न्यूलाइन. खऱ्या मेंबरच्या हेडरमध्ये नावाच्या जागी येतं स्लॅश आणि एक आकडा, म्हणजे त्या यादीत कितव्या बाइटपासून वाचायचं तो ऑफसेट. पहिलं लांब नाव असेल तर स्लॅश शून्य. ते २१ अक्षरी नाव २३ बाइट खातं, म्हणून पुढचं लांब नाव स्लॅश २३.

मॅकवर आणि बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेवर हे पूर्ण वेगळं. तिथे नावाच्या जागी हॅश, एक, स्लॅश आणि लांबी लिहितात, आणि खरं नाव मेंबरच्या मजकुराच्या आधी, हेडर संपल्या संपल्या. आणि साइझमध्ये ते नावही मोजलेलं असतं! म्हणजे साइझवर भरवसा ठेवून मजकूर वाचलास तर सुरुवातीला फाइलचं नाव चिकटलेलं मिळणार. हे असं दोन तऱ्हेचं का, तर पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणाने एआर ही कमांड ठरवून दिली, फाइलचा फॉरमॅट ठरवला नाही. ज्याने त्याने आपापलं जुगाड केलं. आयबीएमच्या एआयएक्सवर तर पहिल्या ८ बाइटची खूणच वेगळी असते.

इथपर्यंत नुसता रुमाल झाला. तुझा प्रश्न आहे तो वरच्या यादीचा.

लायब्ररीत शंभर ऑब्जेक्ट फाइली असतील आणि लिंकरला सीआरसी१६ नावाचं फंक्शन पाहिजे असेल, तर शंभर फाइली उघडून प्रत्येकीचं सिम्बॉल टेबल, म्हणजे आतल्या फंक्शनांच्या वगैरे नावांची यादी, वाचत बसायचं का? म्हणून अर्काइव्हचा पहिलाच मेंबर असतो इंडेक्स. लिनक्सवर त्याचं नाव नुसता एक स्लॅश. एआर ला एस दिलंस की तो बनतो, आता तर न देताही बनतो, आणि रॅनलिब ही कमांड तेच एक काम करते. रॅनलिब युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची, आणि बीएसडीवर या इंडेक्सच्या मेंबरचं नाव असतं अंडरस्कोर अंडरस्कोर डॉट सिमडेफ.

इंडेक्सच्या आत काय असतं ते तुझ्याच लायब्ररीवर दाखवतो. धर की दोन फाइली आहेत, मीटर.ओ मध्ये मीटर_इनिट आणि मीटर_रीड, सीआरसी.ओ मध्ये सीआरसी१६. इंडेक्समध्ये आधी ४ बाइट, एकूण सिम्बॉल किती, इथे ३. मग प्रत्येक सिम्बॉलसाठी ४-४ बाइटचा ऑफसेट, एकूण १२. मग नावं, प्रत्येकाच्या शेवटी एक शून्य बाइट, ११ अधिक ११ अधिक ६ म्हणजे २८. एकूण ४४. आता फाइलमध्ये कुठे काय ते बघ: ८ खूण, ६० इंडेक्सचं हेडर, ४४ इंडेक्स, बेरीज ११२. म्हणजे मीटर.ओ चं हेडर ११२ वर. ती फाइल १७३६ बाइटची असेल तर ११२ अधिक ६० अधिक १७३६, सीआरसी.ओ चं हेडर १९०८ वर. इंडेक्समधले तीन ऑफसेट असणार ११२, ११२, १९०८. लक्षात आलं का, मीटर_इनिट आणि मीटर_रीड दोघांचा ऑफसेट एकच आहे. इंडेक्स फंक्शनचा पत्ता सांगत नाही, ते फंक्शन ज्या मेंबरमध्ये आहे त्याच्या हेडरचा पत्ता सांगतो. घर नंबर नाही, नुसती गल्ली. हे पुढे फार उपयोगी पडणार आहे.

हेक्सडंपमध्ये बघशील तर ११२ चे बाइट ०० ०० ०० ७० असे दिसतील, तुझं मशीन इंटेलचं असूनही मोठा बाइट आधी. इथे मात्र बायनरी आहे, आणि लिनक्सच्या सगळ्या मशीनवर त्याच क्रमाने. ४ बाइटचा ऑफसेट म्हणजे ४ जीबीच्या पुढचा पत्ता लिहिता येत नाही, म्हणून अवाढव्य लायब्रऱ्यांसाठी ८ बाइटवाला वेगळा इंडेक्स आहे, सिम६४ नावाचा. तुला लागणार नाही.

हा इंडेक्स डोळ्यांनी बघायचा तर एनएम ला छोटं एस दे. वरच "अर्काइव्ह इंडेक्स" म्हणून यादी येते, हे सिम्बॉल या मेंबरमध्ये, अशी. तू बहुतेक नुसता एनएम मारलास, तो प्रत्येक मेंबर उघडून त्याचे सगळे सिम्बॉल दाखवतो, आणि "दिसतंय" या शब्दात फसगत तिथेच होते. नावाच्या डावीकडचं अक्षर बघ. मोठा टी असेल तर फंक्शन तिथे आहे आणि बाहेरच्यांना मिळेल. छोटा टी असेल तर ते स्टॅटिक आहे, त्या फाइलपुरतं, इंडेक्समध्ये येणारच नाही. यू असेल तर ते तिथे नाहीच, त्या फाइललाही ते दुसऱ्या कोणाकडून पाहिजे आहे. आमच्याकडे एक पोरगा दोन तास यू दाखवून मला सांगत होता की सर हे बघा आहे ना. आणि मेन जर सी प्लस प्लसमध्ये असेल तर तो सीआरसी१६ मागत नाही, अंडरस्कोर झेड ५ सीआरसी१६ आणि पुढे दोन-चार अक्षरं असलेलं नाव मागतो, मग सी मधल्या साध्या नावाशी ते कसं जुळणार, तिथे हेडर फाइलमध्ये एक्स्टर्न सी लावावं लागतं. तुझं मेन सी चंच आहे, म्हणून क्रमच चुकलाय हे मी छातीठोक सांगतो.

तर लिंकर. लिनक्सवरचा नेहमीचा लिंकर कमांडवर दिलेल्या फाइली डावीकडून उजवीकडे घेत जातो आणि हातात एक यादी ठेवतो, काय काय पाहिजे आहे आणि अजून मिळालं नाही त्याची. ऑब्जेक्ट फाइल आली की ती पूर्ण घेतो, विचारत नाही. अर्काइव्ह आलं की मात्र यादी काढतो आणि इंडेक्सशी ताडून बघतो, यातलं मला काही लागतंय का? लागत असेल तर तो मेंबर घ्यायचा, तो घेतल्यामुळे आणखी काही लागायला लागलं तर याच अर्काइव्हमध्ये परत बघायचं, काहीच नवीन निघेनासं झालं की पुढे. मागे वळून बघत नाही. तू लायब्ररी आधी दिलीस तेव्हा त्याची यादी कोरी होती. आई तुला सकाळी सांगते ना, छावनीत चाललीच आहेस तर काही आणायचंय का बघ, आणि तू म्हणतेस नाही काही, आणि घरी आल्यावर कळतं की जिरं संपलंय, तसं. लायब्ररीवरून लिंकर गेला, काही नको होतं, पुढे गेला, मग मेन.ओ आलं आणि म्हणालं मीटर_रीड पाहिजे, तेव्हा बाजार मागे राहिला होता.

मॅकवर चाललं कारण तिथला लिंकर अर्काइव्हची यादी लक्षात ठेवतो, मागाहून काही लागलं तर परत जाऊन आणतो. एलएलडी नावाचा दुसरा एक लिंकर लिनक्सवरही असंच करतो. म्हणजे मैत्रिणीची मेकफाइल बरोबर नाहीये, तिच्या लिंकरने सांभाळून घेतलंय.

दोन लायब्रऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील, ए ला बी पाहिजे आणि बी ला ए, तर कुठलाही क्रम लावला तरी एक राहतेच. तिथे स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुप असे दोन ऑप्शन आहेत, त्यांच्या मधल्या अर्काइव्हमध्ये तो गोल गोल फिरतो, नवीन काही निघेनासं होईपर्यंत. नाहीतर सरळ ए बी ए असं लिही, लोक बिनदिक्कत लिहितात. इंडेक्स नव्हते त्या काळी तर एका लायब्ररीच्या आतसुद्धा मेंबरचा क्रम लावावा लागायचा, कोण कोणाला हाक मारतो ते लॉर्डर काढून द्यायचा आणि टीसॉर्ट ते रांगेत लावून द्यायचा. टीसॉर्ट आजही प्रत्येक लिनक्सवर पडलेला आहे, टाइप करून बघ, कोणाला आठवतही नाही की तो याच्यासाठी जन्माला आला.

आता ती गल्लीवाली गोष्ट. लिंकर फंक्शन उचलत नाही, पूर्ण मेंबर उचलतो. मीटर_रीड मागितलंस तर मीटर_इनिटही येतं, वापर किंवा नको वापरूस. म्हणूनच लायब्ररी लिहिणारे जुने लोक एका फाइलमध्ये एकच फंक्शन ठेवायचे, सी लायब्ररीच्या अर्काइव्हमध्ये एआर ला टी देऊन बघ, प्रिंटएफ.ओ वेगळी, मॅलॉक.ओ वेगळी, दीड-दोन हजार मेंबर निघतील. याच्या उलट दुखणं असं की कोणी हाक मारली नाही तर मेंबर येतच नाही. काही ड्रायव्हर स्वतःला सुरुवातीला आपोआप रजिस्टर करतात, कोणी त्यांना नावाने बोलवत नाही, ते अर्काइव्हमध्ये टाकले की अख्खे गायब, एरर नाही की वॉर्निंग नाही. त्यांच्यासाठी होल-अर्काइव्ह हा ऑप्शन.

माझं नाक मात्र दुसऱ्याच गोष्टीने कापलं होतं. मी तेव्हा इंदुरातल्याच एका मीटर बनवणाऱ्या कंपनीत होतो. सीआरसीमध्ये, म्हणजे डेटा बिघडला का ते तपासणाऱ्या कोडमध्ये, बग होता, सापडला, दुरुस्त केला, आणि त्याच झटक्यात फाइलचं नाव सीआरसी.सी होतं ते बदलून सीआरसी१६.सी केलं, नीटनेटकेपणाची हौस. बिल्ड केलं, कुठे एरर नाही, मीटरमध्ये टाकलं, बग तिथेच. परत बघितला, कोड बरोबर. परत बिल्ड, परत तेच. तीन दिवस. सायबाला वाटलं मी कोड टाकतच नाहीये, मला वाटलं मीटरची फ्लॅश खराब आहे, एक रात्र तर आम्ही दोघं त्यावर भांडून सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खात गप्प बसलो होतो. चौथ्या दिवशी सहज एआर ला टी देऊन बघितलं तर यादीत सीआरसी.ओ पण आणि सीआरसी१६.ओ पण.

झालं असं होतं की एआर चं आर म्हणजे रिप्लेस. दिलेल्या नावाचा मेंबर असेल तर बदलायचा, नसेल तर शेवटी जोडायचा. पण जो मेंबर आता मेकफाइलमध्ये नाही तो काढून टाकायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, तो काढत नाही. जुनी सीआरसी.ओ आत होती तशीच राहिली, नवी शेवटी जोडली गेली. दोघींत सीआरसी१६ हे फंक्शन. इंडेक्समध्ये नाव दोनदा, जुनीचं आधी. लिंकरने पहिली उचलली, यादीतलं नाव खोडलं, दुसरीकडे ढुंकून बघितलं नाही. दोन्ही मेंबर आले असते तर मल्टिपल डेफिनिशन म्हणून ओरडला तरी असता, पण दुसरी आलीच नाही तर ओरडणार कशाला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेकफाइलमध्ये एआर च्या आधीच्या ओळीत जुनं अर्काइव्ह डिलीट होतं, आणि तुझ्यातही ती ओळ घाल, आज रात्रीच.

याचाच भाऊ म्हणजे सारखी नावं. हेडरमध्ये फक्त फाइलचं नाव जातं, फोल्डर नाही. नेट फोल्डरमधली युटिल.ओ टाकलीस आणि मग वेगळ्या कमांडने डीबी फोल्डरमधली युटिल.ओ टाकलीस, तर एआर ला वाटतं तीच फाइल नवी झालीये, पहिली बदलून टाकतो. बदलण्याऐवजी क्यू देऊन नुसती जोडता येते, पण मग अर्काइव्ह परत उघडताना दोन्ही एकाच नावाने एकमेकींवर पडतात. नावंच वेगळी ठेव.

कधी कधी डॉट ए फाइल अर्काइव्हच नसते हेही माहीत असू दे. लिंकर म्हणाला की फॉरमॅट ओळखता येत नाही, लिंकर स्क्रिप्ट समजून वाचतो, आणि पहिल्याच ओळीत सिंटॅक्स एरर, तर हेड मारून बघ. बऱ्याचदा गिटच्या मोठ्या फाइली सांभाळणाऱ्या एलएफएसचा तीन ओळींचा टेक्स्ट निघतो, खरी फाइल डाउनलोड झालेलीच नसते. आणि उलटही असतं, उबुंटूवर गणिताच्या लायब्ररीची डॉट ए उघडून बघ, ती खरोखरच चार ओळींची लिंकर स्क्रिप्ट आहे, खरं अर्काइव्ह शेजारी वेगळ्या नावाने. आणखी एक पातळ अर्काइव्ह असतं, त्याच्या खुणेत आर्चच्या जागी थिन लिहिलेलं, त्यात मजकूर नसतो, नुसत्या चिठ्ठ्या आणि फाइल कुठे आहे तो पत्ता. लिनक्स कर्नलच्या बिल्डमध्ये हे वापरतात, डिस्कवरची जागा वाचते. पण ते कॉपी करून कोणाला पाठवलंस तर रिकामा रुमाल पाठवल्यासारखं.

आणि हाच फॉरमॅट तू रोज वापरतेस बरं का. उबुंटूची कुठलीही डेब फाइल घे, एआर ला टी देऊन उघड, तीन मेंबर दिसतील: डेबियन-बायनरी, कंट्रोलचं टार आणि डेटाचं टार. पहिला मेंबर ४ बाइटचा, त्यात लिहिलेलं असतं २.० आणि न्यूलाइन. रस्टच्या आरलिब फाइली एआर, विंडोजच्या डॉट लिब फाइलींचे पहिले ८ बाइटही हेच. टार मात्र वेगळं, त्याचं हेडर ५१२ बाइटचं असतं, त्यात फोल्डरही येतात.

तर आता क्रम बदल, डिलीटची ओळ घाल आणि परत बिल्ड कर. मीटर_रीडची एरर जाईल आणि तिच्या जागी बहुतेक एसक्यूआरटी सापडत नाही म्हणून नवी एरर येईल, घाबरू नकोस. तुझ्या व्होल्टेज_कॅलिब्रेशनमध्ये वर्गमूळ आहे, ते गणिताच्या लायब्ररीत असतं, आणि आपलं अर्काइव्ह स्वतःला आणखी कोणकोण लागतं हे कुठे लिहून ठेवत नाही, हेडर तू बघितलंसच, तिथे जागाच नाही. एल-एम कमांडच्या अगदी शेवटी दे, तुझ्या लायब्ररीच्याही नंतर. तरी नाही झालं तर एनएम ला छोटं एस लावून जे येईल ते मला पाठव, स्क्रीनचा फोटो नको, टेक्स्ट पाठव.